बाबा, दाबा!

आमच्या वहिनीला एखाद्या गाडीचं दुखणं सापडलं, की तिला हसू फुटतं. आधी खांदे हलतात, मग हातातला पाना हलतो, आणि मग ती गाडीखालून बाहेर येऊन जमिनीवर फतकल मारून हसते. नवीन गिऱ्हाइकं घाबरतात. एका टेम्पोवाल्याला वाटलं, ही आपल्या गाडीला हसतेय. तो रुसून दुसऱ्या गॅरेजात गेला आणि काही दिवसांनी टेम्पो दोरीने ओढत परत आला. मी एकदा तिला विचारलं, यात हसण्यासारखं काय असतं? तर म्हणाली, "वन्सं, इतका वेळ ते माझ्याशी लपाछपी खेळत असतं. सापडल्यावर हसू नको?"

वन्सं म्हणजे मी, तिची नणंद. नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं नसतं, आणि मी हा नियम जमेल तेवढा पाळते, म्हणून आधी वाईट सांगून घेते. मी खिडकीत बसून लोकांचे कपडे शिवते. खाली कापडाचा तुकडा पडला रे पडला, की हिने त्याला हात पुसलेच. भाजीत मीठ किती पडलं ते हिला जेवून उठल्यावरही सांगता येत नाही, पण ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून ते कधीचं आहे ते सांगते. आणि तुम्ही तिला तुमच्या आयुष्यातलं मोठं दुःख सांगत असलात तरी तिचा एक कान रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीकडे असतो.

दादाने तिला पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हाही तेच झालं. बाबा अंगणात त्यांचा ट्रक चालू करून उभे होते. वहिनीने नमस्कार केला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "दुसऱ्या नंबरचा नोझल जरा चुकार आहे का हो?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, इंजिन बंद केलं आणि घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी गुपचूप तो डिझेल फवारणारा नोझल काढून बघितला, तर खरंच चुकार. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरात जाहीर केलं, "मुलगी सोन्यासारखी आहे. पण माझ्या इंजिनाला हात लावायचा नाही."

त्यांचा हा हट्ट मला बरीच वर्षं कळला नाही. मग एकदा ते स्वतःच बोलून गेले. म्हणाले, "दुसऱ्या मिस्त्रीने काही वाईट सांगितलं तर त्याला गाढव म्हणता येतं. हिने सांगितलं की संपलं. मग दाद मागायची कुणाकडे?"

बाबांनी आयुष्यभर तो एकच ट्रक चालवला. मालकाने धंदा आवरला तेव्हा पगाराच्या बदल्यात ट्रकच मागून घेतला. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिन उघडून पिस्टनवर नव्या रिंगा घातल्या होत्या. आता हे इंजिन मला पुरून उरेल, असं येईल-जाईल त्याला सांगायचे. पुढे आई गेली, गुडघे कुरकुरायला लागले, आम्ही सगळ्यांनी "बाबा, तुम्ही बसा" सुरू केलं, आणि ट्रकही अंगणात बसला.

आणि बसल्या जागी आजारी पडला. सकाळी चालू व्हायला कुरकुरायचा, खोकायचा, मग निळा धूर सोडायचा. मापपट्टीवरचं ऑइल दर आठवड्याला बोटभर खाली. बाबा ऑइल ओतायचे, तो प्यायचा. बाबांनी एक मिस्त्री आणला, त्याने सगळे नोझल बदलले. दुसरा आणला, त्याने डिझेलचा पंप उतरवला, धुतला आणि परत बसवला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! वहिनी रोज गॅरेजात जाता-येता ट्रकजवळून जायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. तिला गप्प राहताना बघणं हे फार कष्टाचं काम आहे. मला तिच्यापेक्षा जास्त घाम यायचा.

शेवटी दादा वैतागला. अंगणातल्या त्या धुडामुळे त्याला स्कूटर रस्त्यावर लावायला लागायची. त्याने टेकडीवरच्या भंगारवाल्याशी बोलणं करून टाकलं. भंगारवाला शनिवारी क्रेन घेऊन येणार होता. बाबा जेवता जेवता थांबले.

"इंजिन संपलं असेल तर ने म्हणावं," ते म्हणाले. "पण संपलंय हे कोण सांगणार?"

दादाने ताटात बघितलं, मी दादाकडे बघितलं, आणि वहिनीने पाण्याचा पेला उचलून रिकामाच तोंडाला लावला. बाबांनी तांब्यातून तिचा पेला भरला.

"हात लाव," ते म्हणाले. "पण उघडायचं नाही. हेड उतरवायचं नाही, खालची टाकी सोडायची नाही. मी माझ्या हातांनी बांधलंय ते. उघडायचीच वेळ आली असेल तर तसाच जाऊ दे त्याला."

"नोझल काढले तर चालतील?"

"ते काय, तोंड उघडून जीभ दाखवल्यासारखं. काढ."

वहिनीच्या डोळ्यांत त्या वेळी जी चमक आली, ती तिच्या लग्नातल्या फोटोतही नाही. मला दादाची कीव आली.

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेज बंद ठेवलं. आधी दुसरी, ताजी भरलेली बॅटरी आणून जोडली, कारण इंजिन हळू फिरलं तर दाबही कमीच दिसतो आणि बिचाऱ्या इंजिनावर आळ येतो. मग एकेक नोझल काढून त्या भोकात दाब मोजायचं गेज बसवायचं आणि दादाने स्टार्टर मारायचा. पहिल्या सिलिंडरचा काटा उठला आणि अर्ध्या वाटेत दमून थांबला. दुसऱ्याचाही तिथेच. तिसरा, चौथा, सगळे एकाच पायरीवर.

"चौघेही सारखेच?" वहिनी पुटपुटली. "झिजलेल्या इंजिनात एक तरी मागे-पुढे असतो. हे तर शाळेत ठरवून गैरहजर राहिल्यासारखे."

दादाला आपणही काही जाणतो हे दाखवायची हौस. "आत थोडं ऑइल टाकून बघ की," तो म्हणाला. "काटा वर गेला तर रिंगा गेल्या."

"पेट्रोलच्या गाडीत टाका हो. डिझेलच्या डोक्यात आधीच जागा कमी. ऑइलने तीच भरून जाते आणि काटा खोटं बोलतो. आपण हवा भरून ऐकू या."

आणि मग आमच्या घराण्याच्या इतिहासातला सगळ्यात हास्यास्पद तास सुरू झाला. वहिनीने नोझलच्या भोकातून सिलिंडरात कंप्रेसरची हवा सोडली. कोंडलेली हवा जिथून फुस्स करत निसटेल तिथे रोग, असा हिशोब. त्यामुळे आम्हाला ट्रकच्या एकेका भोकाशी बसवण्यात आलं. बाबा रेडिएटरवर वाकून पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत होते. दादा एअर फिल्टरचा पाइप कानाला लावून, फोनवर कुणी उचलत नसल्यासारखा उभा होता. मला सायलेन्सर मिळाला. मी अंगणात गुडघे टेकून ट्रकच्या बुडाशी कान लावला. तेवढ्यात माझं एक गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं. ते फाटकातूनच परत गेलं.

"बाबा, बुडबुडे?"

"एकही नाही!"

"म्हणजे गॅस्केट शाबूत. तुमच्याकडे काय?"

"काही नाही," दादा म्हणाला.

"इनलेटचा व्हॉल्व्ह चांगला. वन्सं?"

"मला माझाच श्वास ऐकू येतोय!"

"तुमचा व्हॉल्व्ह पण चांगला."

बाबा खुसकन हसले. मग दादा हसला. मग मी, बुडाशी कान लावलेली, ट्रकच्या पोटात शिरेल एवढ्या मोठ्याने हसले. वहिनीने एवढ्यात ऑइल ओतायचं झाकण काढलं, इंजिनाचे आवाज ऐकायच्या तिच्या रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं टोक झाकणाच्या भोकात सोडलं आणि हात वर केला. आम्ही गप्प झालो. नळीशिवायही ऐकू येत होतं. फुस्स्स. हवा पिस्टनच्या कडेने खाली, ऑइलच्या टाकीत उतरत होती. चारही सिलिंडरांत तेच.

"रिंगा," बाबा म्हणाले.

रिंगा म्हणजे इंजिन उघडणं. आणि उघडणं नाही म्हणजे शनिवारी क्रेन. बाबांनी रेडिएटरचं झाकण सावकाश फिरवून लावलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. मघाचं सगळं हसू अंगणात कुठे सांडून गेलं कोण जाणे. मला रडू यायला लागलं होतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"वहिनी, बघतेस काय? बोल ना काहीतरी!"

ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या कानाकडे. जवळ आली, माझ्या गालावरून बोट ओढलं आणि ते नाकाशी नेलं.

"ही सुकी काजळी नाही," ती म्हणाली. "हे ओलं आहे. चिकट."

आणि तिचे खांदे हलायला लागले.

"वहिनी, मी सांगून ठेवते, आत्ता हसलीस तर..."

पण ती हसत नव्हती. हसू दाबून ट्रकभोवती पळत होती. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून आणलं, ते स्वच्छ निघालं. म्हणजे धूळ आत जाऊन रिंगा खाल्ल्या असंही नव्हतं. मग केबिनमध्ये चढून किलोमीटरचा आकडा वाचला. "नव्या रिंगा घातल्यावर ही गाडी चाललीच किती?" तिने वरूनच विचारलं. "आणि उभी गाडी ऑइल कशी पिते?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. उत्तर शेजारच्या भिंतीपलीकडे होतं आणि ते आपल्या पायांनी फाटकातून आत आलं. शेजारच्या लाँड्रीवाल्या काकू एक पांढरी चादर दोन्ही हातांत ताणून उभ्या होत्या.

"आता सगळेच इथे आहात तर सांगते," काकू म्हणाल्या. "हे काळे ठिपके बघा. रोज सकाळी! मी वाळत घातलं की तुमच्या ट्रकचा धूर येतो. पाच मिनिटं असतं तर मी बोलले नसते. पण दीड-दीड तास? माझा अख्खा पहिला घाणा वाळून होतो तरी हे आपले घर्र घर्र!"

"दीड तास?" वहिनी केबिनमधून खाली उडी मारत म्हणाली.

आता गंमत बघा. तो आवाज मी रोज ऐकत होते. माझं शिलाई मशीन त्याच तालावर चालायचं. पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते तसा तो मला ऐकू येईनासा झाला होता. दादा त्या वेळी झोपलेला आणि वहिनी गॅरेजात गेलेली.

"बाबा," वहिनीने अगदी हळू विचारलं, "रोज किती वेळ चालू ठेवता?"

"असंच. गरम होईपर्यंत."

"बाबा."

"चहा होईपर्यंत," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "आणि पेपर." आणि मग चादरीवरच्या ठिपक्यांकडे बघत म्हणाले, "घरात फार शांत असतं गं सकाळी. केबिनमध्ये बसलं, ते खाली धडधडायला लागलं, की कुणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं. आणि त्यालाही बरं, असं वाटलं मला. रोज उठवतो, गरम करतो. एक दिवस चुकवला नाही. पळवला नाही, ओझं टाकलं नाही. जिवापाड जपलं."

वहिनीने डोळे मिटले. तिला दुखणं सापडलं होतं आणि पहिल्यांदाच तिला हसता येत नव्हतं. तिने ते नीट, बेताने सांगितलंही असतं. पण मध्ये माझी जीभ होती.

"म्हणजे तुमच्या जपण्यानेच मेलं का ते?" मी म्हणाले. "अति तिथे माती!"

काकूंनी चादरीची घडी घालायला घेतली. बाबांनी खिशातून किल्ली काढली, ट्रकच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत कशाला थांबता? आजच बोलवा त्याला." आणि घराकडे वळले.

"मेलं कुणी सांगितलं?" वहिनी एवढ्या जोरात ओरडली की काकूंची घडी विसकटली. सासऱ्यावर सून ओरडलेली आमच्या घरात ही पहिलीच वेळ. "थांबा तिथेच! मिस्त्री मी आहे ना? मग माझं ऐकायचं. वन्संचं नाही!"

बाबा थांबले.

"रिंगा झिजलेल्या नाहीत, झोपल्यात. भिंतीला चिकटून राहायला त्यांना आतून दाब लागतो, बाबा. ओझं घेऊन चढ चढलं, की तो मिळतो. तुम्ही त्यांना नुसतं कोमट पाण्यात बसवून ठेवलंत. भिंती काचेसारख्या गुळगुळीत झाल्या, अर्धवट जळलेल्या ऑइलच्या चिकट्यात रिंगा रुतल्या. म्हणून दाब खाली गळतो आणि ऑइल वर चढतं. हे म्हातारं नाही झालेलं. लाडावलंय!" तिला दम लागला होता. "लाडावलेल्याला भंगारात नाही घालत. कामाला लावतात."

"आणि त्याने नाही झालं तर?"

"तर उघडावंच लागेल. खोटं नाही सांगणार. पण मला एक चढ द्या."

बाबांनी पायरीवरची किल्ली परत उचलली.

वहिनीने नोझलच्या भोकांतून चिकटा सोडवणारं औषध आत ओतून रात्रभर मुरू दिलं. सकाळी मोकळ्या भोकांनी इंजिन फिरवून सगळं बाहेर उडवलं, नोझल बसवले, ऑइल बदललं. राहता राहिलं ओझं. ते तिच्या गॅरेजच्या मागेच पडलेलं होतं. फुटलेले गिअरबॉक्स, तडकलेले ब्लॉक, स्प्रिंगपाटे, सगळं मोडकं लोखंड. दादाने आणि तिच्या दोन गिऱ्हाइकांनी मिळून ट्रक भरला. ट्रकचे पाटे वजनाने खाली बसले. आणि गावातला सगळ्यात मोठा चढ कुठे जातो? टेकडीवर, भंगारवाल्याकडे. दुसरीकडे कुठे न्यायचं म्हटलं असतं तरी नेता आलं नसतं.

बाबा स्टिअरिंगवर, मध्ये वहिनी, खिडकीशी मी. दादा मागून स्कूटरवर. सपाट रस्ता कसाबसा गेला. चढ लागला आणि ट्रकने मान टाकली. बाबांचा पाय पेडलवर नुसता ठेवलेला, जसा झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवतात.

"बाबा, दाबा," वहिनी म्हणाली.

"त्रास होईल गं त्याला."

"होऊ दे. दाबा."

बाबांनी जरासा दाबला. इंजिन आतून कण्हलं. मागे पाहते तर निळ्या धुराचा एवढा लोट, की दादा स्कूटरसकट गडप. त्याचा नुसता हॉर्न ऐकू येत होता.

"दाबा, बाबा! पूर्ण! तळाला टेकू दे!"

"फुटेल!"

"फुटलं तर मी भरून देईन! बाबा, दाबा!"

मग मीही ओरडायला लागले. बाबा दाबा, बाबा दाबा, दोघी मिळून, केबिनच्या पत्र्यावर हातांनी ताल धरून. बाबांनी दात आवळले, डोळे बारीक केले आणि पाय तळापर्यंत नेला. ट्रक गुरगुरला, थरथरला. पहिलं वळण आम्ही पायी चालणाऱ्या एका बाईच्या मागे राहून घेतलं. दुसऱ्या वळणावर बाई मागे पडली. तिसऱ्यावर बाबांनी गिअर बदलला, वरचा टाकला, आणि ट्रकने तो घेतला. वहिनीने नळी कानात घालून दुसरं टोक पायाखालच्या पत्र्याला टेकवलं होतं. अचानक तिने आम्हाला हाताने गप्प केलं.

"काय झालं?" बाबांनी घाबरून विचारलं.

तिचे खांदे हलले. मग डोकं. मग ती माझ्या मांडीवर आडवी पडून हसायला लागली, आणि नळी माझ्या नाकात गेली. मी मागे पाहिलं. दादा दिसत होता. तोंड काळंनिळं, पण दिसत होता. धूर विरळ झाला होता.

"धरतायत!" वहिनी ओरडली. "रिंगा धरतायत, बाबा!"

उरलेल्या चढावर बाबांनी पाय एकदाही वर घेतला नाही, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी ते बघितलं, पण बघितलं हे त्यांना कळू दिलं नाही.

भंगारवाला फाटकाशीच उभा होता. आम्हाला बघून त्याने हात हलवला. "अरे वा, स्वतःच घेऊन आलात! क्रेनची खेप वाचली. त्या कोपऱ्यात लावा."

"माल उतरव," बाबा केबिनमधून म्हणाले. "गाडी नाही. मागचा माल."

भंगारवाल्याने मागे जाऊन बघितलं, परत पुढे आला, इंजिनाचा आवाज ऐकला. वहिनी तोवर खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडात बोट घालत होती. "सुकं!" तिने ते बोट आम्हाला दाखवलं. "पण एका चढाने पुरतं नाही व्हायचं, बाबा. रोज ओझं हवंय ह्याला. निदान महिनाभर."

बाबांनी जरा विचार केला.

"तुझा माल खाली ओतकामाच्या कारखान्यात कोण नेतं?" त्यांनी भंगारवाल्याला विचारलं.

"असतात कुणी ना कुणी. रोज शोधावं लागतं. का?"

"भर मग."

भंगारवाल्याने एकदा ट्रककडे बघितलं, एकदा बाबांच्या गुडघ्यांकडे. "झेपेल का पण? रोज?"

त्याने दोघांपैकी कुणाबद्दल विचारलं ते मला कळलं नाही. बाबांनी विचारलंही नाही.

"झेपेल की," ते म्हणाले. "बसून बसून लाडावलो होतो जरा."

वहिनीने माझा हात घट्ट धरला. मी काहीतरी खोचक बोलणारच होते. तेवढ्यात भंगारवाल्याच्या माणसांनी मागे पत्र्याचे गठ्ठे चढवले, आणि मागे मावेनात तेव्हा तांब्याच्या तारांची पोती केबिनमध्ये, आमच्या जागेवर, रचली. आम्ही "बाबा, आम्ही कुठे बसायचं?" म्हणेपर्यंत ट्रक उताराला लागला होता. दादाच्या स्कूटरवर तिघं मावेनात, म्हणून वहिनी आणि मी टेकडी पायीच उतरलो, आणि वाटेत तिला हसू आवरेना म्हणून तीनदा थांबलो.